उलथण्याची झिजलेली कड

पत्र कोल्हापूरच्या एका ताईंचं आहे. वय बावन्न. पंचगंगेच्या अंगाला, जुन्या पेठेत त्यांचं सासरचं घर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्या घरात पाणी शिरलं, २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा. आता घर विकलंय आणि दिवाळीच्या आत तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जायचंय. सासूबाईंना, म्हणजे त्यांच्या आत्यांना, जाऊन तीन वर्षं झाली. आत्यांच्या पाच वस्तू ताईंना टाकवत नाहीत. बुडाला गळणारा तांब्याचा बंब, ज्यावर आत्यांच्या माहेरचं नाव घातलंय. तोंडाशी तडा गेलेली चिनी मातीची बरणी. पुरात भिजलेली वाकळ. पाटा-वरवंटा. आणि एक लोखंडी उलथणं, एका कोपऱ्याला पार झिजलेलं. आत्या डावखुऱ्या होत्या. पंगतीत वाढताना उजवा हात, पण चुलीपुढं कुणी नसलं की डावा. त्यामुळं उलथणं उलट्या बाजूनं झिजलं आणि आता ते कुणाच्याच हाताला नीट बसत नाही. मिस्टर म्हणतात, "सगळं मोडीत घाल." पुण्याची मुलगी म्हणते, "आई, फोटो काढ आणि मोकळी हो." ताईंनी उलथणं साड्यांच्या घडीत लपवून ठेवलंय. त्या लिहितात, "आत्यांच्या पाटल्या नणंदेला गेल्या तेव्हा मला काही वाटलं नाही. पण ह्या मोडक्या वस्तूंपाशी पाय अडकतो. माझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

ताई,

डोकं अगदी ठिकाणावर आहे. पहिल्यांदा ते उलथणं साड्यांच्या घडीतनं बाहेर काढा. चोरीचा माल असल्यासारखं ते लपवायचं काही कारण नाही. लोखंड आहे, साडीला गंजाचा डाग पडेल तो वेगळाच.

तुम्ही पाटल्यांचं लिहिलंत ते मला फार महत्त्वाचं वाटलं. सोनं सोडताना काही वाटलं नाही आणि लोखंडापाशी जीव अडकला, याचं तुम्हाला नवल वाटतंय. मला नाही वाटत. पाटल्या आत्यांनी किती दिवस घातल्या असतील? लग्नकार्य, पाडवा, दसरा. एरवी त्या डब्यात. उलथणं मात्र रोज हातात. पाटलीला हाताची सवय लागत नाही, उलथण्याला लागते. लोखंडी तव्यावर रोज घासून घासून त्याचा कोपरा गेला, आणि तो नेमका त्याच बाजूनं गेला जिकडं त्यांचा हात वळायचा.

डाव्या हातानं वाढू नये, हे आपल्याकडं बायकांच्या मनावर किती ठोकून बसवलेलं असतं हे तुम्हाला मी सांगायला नको. आत्यांनी चारचौघांत जन्मभर उजवा हात वापरला. त्यांचा खरा हात चुलीला ठाऊक होता आणि तुम्हाला. ती चूल आता नाही. म्हणजे ती बाई खरी कशी होती याचे साक्षीदार दोनच उरले, तुम्ही आणि ते उलथणं. त्याच्यापाशी पाय अडकला नसता तरच मला काळजी वाटली असती.

त्यामुळं उलथण्याचा निकाल मी सरळ सांगते. ते फ्लॅटवर जाणार. ओट्याशेजारी खिळ्याला लटकणार. आणि ते वापरायचं. तुमच्या उजव्या हाताला ते तव्यावर अडेल, हे खरं. भाकरी उलथायला नसेल बसत तर कढईच्या बुडाशी लागलेलं खरवडायला तो तिरका कोपरा चालतो का बघा. नुसतं लोखंड आहे, कल्हई नको की काही नको. धुतल्यावर लगेच पुसायचं आणि तेलाचं बोट फिरवायचं.

पण सगळ्या पाच वस्तूंचं असं नाही. आणि इथं मला तुमच्याशी थोडं भांडायचंय.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, "यातलं एक जरी टाकलं तरी आत्यांना टाकल्यासारखं होईल." ताई, हे मला पटत नाही. आत्या गेल्या तेव्हा त्यांचं सगळं काही तुम्ही ठेवलं नव्हतं. औषधांच्या बाटल्या टाकल्या असतील, चप्पल टाकली असेल. तेव्हा आत्या गेल्या का घरातनं? वस्तू टिकवणं हे प्रेमाचं एक रूप आहे, पण एकमेव नव्हे. त्यातही गंमत अशी की आत्यांनी स्वतः किती वस्तू मोडीत घातल्या असतील! आपल्या आया-सासवा भांडी मोडीत घालायला कधी लाजल्या नाहीत. दोन फुटके हंडे द्यायचे, वजनात घट सोसायची आणि लेकीच्या लग्नाला नवी परात घ्यायची. तांबं-पितळ वितळून पुन्हा तांबं-पितळच होतं. त्यांच्या लेखी मोड म्हणजे फेकणं नव्हे, पुढं चालवणं होतं.

माझं स्वतःचं सांगते. माझी आई गेली आणि तेराव्यानंतरच्या आठवड्यात मी तिचं स्वयंपाकघर आवरलं. तेव्हा वाटत होतं, हात चालू राहिले की रडू येणार नाही. त्या सपाट्यात पिठाची एक चाळणी गेली. जाळी कडेनं सुटलेली होती, आईनं ती जाड दोऱ्यानं शिवली होती, वाकळेला घालतात तसे टाके. महिन्याभरानं मला ती आठवली आणि मी भंगारवाल्याच्या दुकानापर्यंत जाऊन आले. मिळाली नाही. अजून हळहळ वाटते. म्हणून ज्यांच्या घरात दुःख ताजं आहे त्यांना मी नेहमी सांगते, वर्षश्राद्ध होईपर्यंत स्वयंपाकघरातल्या कशालाही हात लावू नका. पण त्याचबरोबर हेही खरं की त्या चाळणीचा एकेक टाका मला आज दिसतो. दोरा पांढरा होता आणि एका ठिकाणी संपला म्हणून पुढं काळा लावला होता. वस्तू गेली, तिच्याबरोबर आई गेली नाही.

आता मिस्टरांचं. ते "मोडीत घाल" म्हणतात म्हणून त्यांना आईच्या वस्तूंची किंमत नाही, असा तुमच्या पत्राचा सूर आहे. मला तो तपासून बघावासा वाटतो, कारण तुम्हीच पुढं लिहिलंय की दोन्ही पुरांत सगळं सामान त्यांनी एकट्यानं माडीवर चढवलं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ ला धोका, हे आकडे नदीकाठच्या पेठांत शाळेतल्या पोरांनाही पाठ असतात. पाऊस लागला की दर दोन तासांनी कुणीतरी फूट-इंच विचारतंच. ज्या माणसानं अशा रात्री पाटा उचलून जिना चढलाय, त्याच्यासाठी पाटा ही आठवण नाही, ओझं आहे. खरंखुरं, खांद्यावरचं.

आणि दुसरी गोष्ट. तुम्ही म्हणता, आत्या गेल्यापासून ते बंब ठेवलाय त्या बोळाकडं बघतसुद्धा नाहीत. ताई, कधीकधी ज्याला काही वाटत नाही तो बघत नाही, आणि कधीकधी ज्याला फार वाटतं तोही बघत नाही. यातलं काय आहे ते मला इथं बसून कळणार नाही. तुम्हालाही विचारल्याशिवाय कळणार नाही. एखाद्या निवांत संध्याकाळी, चहा झाल्यावर, "ठेवायचं की टाकायचं" हा विषय न काढता नुसतं विचारा, "ह्या बंबाचं पाणी लहानपणी कोण तापवायचं हो?" मग गप्प बसा. त्यांना बोलायला वेळ लागेल, लागू दे. ते बोलले नाहीत तरी रुसू नका. पण ती त्यांची आई होती, आणि तीन वर्षांत त्यांना हे कुणी विचारलंय असं तुमच्या पत्रात कुठं दिसलं नाही.

नणंदेलाही विचारायचं राहिलंय. पाटल्या त्यांना गेल्या म्हणजे वाटणी झाली असं आपण धरून चालतो. पण लेकीला सोन्यापेक्षा आईचा वरवंटा हवा असू शकतो, तुमच्यासारखाच. मोडक्या वस्तूंची वाटणी कुणी करत नाही, म्हणून त्या हव्या आहेत असं कुणी बोलूनही दाखवत नाही. काहीही बाहेर देण्याआधी एक फोन त्यांना झालाच पाहिजे.

मुलीचा फोटोचा सल्ला पोरकट नाही. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या वसतिगृहांत यावर एक प्रयोग झाला, २०१७ साली तो प्रसिद्ध झाला. वस्तू दान करण्याच्या मोहिमेत काही ठिकाणी मुलांना सांगितलं, आधी आठवणीच्या वस्तूचा फोटो काढा, मग द्या. काही ठिकाणी नुसतं द्या म्हटलं. फोटोवाल्यांकडून ६१३ वस्तू आल्या, दुसऱ्यांकडून ५३३. म्हणजे फोटोनं हात थोडा सैल होतो, हे खरं. पण तुमच्या घराची गोष्ट वेगळी आहे आणि ती मुलीला कदाचित नीट कळलेली नाही. तुम्ही लिहिलंय, २०१९ ला लग्नाचा अल्बम आणि आत्यांचे तरुणपणीचे फोटो चिकटून लगदा झाले. कागद गेला, तांबं-लोखंड-दगड राहिलं. ज्या घरात फोटोच वाहून गेलेत त्या बाईला "फोटो काढून मोकळी हो" म्हटल्यावर धीर कसा वाटावा? हे मुलीला एकदा शांतपणे सांगा. मग फोटो काढाच, पण असे की वस्तू कुणाच्यातरी हातात आहे. आणि प्रत्येक फोटोखाली चार ओळी लिहा: कुठून आली, कोण वापरायचं, काय मोडलं, कसं मोडलं. मुलीला म्हणावं, हे लिहून घेणं आणि दोन-तीन ठिकाणी जपून ठेवणं तुझं काम.

आता उरलेल्या चार वस्तूंकडं येते.

बंब. मधल्या नळीत जाळ आणि भोवती पाणी अशी त्याची रचना, त्यामुळं बूड सतत आगीजवळ. तिथं कथलाची साधी झाळ टिकत नाही, आत पाणी कमी पडलं की उष्णतेनं ती सुटते. पितळेची झाळ द्यावी लागते. जुन्या तांबटाला नाहीतर उद्यमनगरात झाळकाम करणाऱ्या एखाद्या कारागिराला दाखवा. पण खरं सांगा, तिसऱ्या मजल्यावर तुम्ही लाकडं घालून बंब पेटवणार आहात का? धुरानं शेजारी हैराण होतील. बंब पॉलिश करून हॉलमध्ये दिवा म्हणून ठेवण्याची फॅशन मला स्वतःला आवडत नाही, पण तुम्हाला आणि मिस्टरांना आवडत असेल तर माझं ऐकू नका. आवडत नसेल तर बंब मोडीत घालायला हरकत नाही, एका अटीवर. त्यावर ठोकून घातलेलं नाव आहे ना, तेवढा पत्रा वजन करण्याआधी तांबटाकडून कापून घ्यायचा आणि कडा घासून घ्यायच्या. आपल्या भांड्यांवरची नावं म्हणजे बायकांचा इतिहास आहे. कुणाची लेक, कुणाकडून आंदण, कुठल्या साली. कितीतरी बायकांचं माहेरचं नाव आज फक्त भांड्यावर उरलंय. ते भट्टीत जाऊ देऊ नका. हे मी ज्यांच्याकडं नाव घातलेली भांडी आहेत त्या सगळ्यांनाच सांगते: मोडीत घालायच्या आधी भांडं उलटं करून बघा, कडेला बघा, झाकणाच्या आत बघा.

बरणीत लोणचं घालू नका. तड्यातनं मीठ आणि आंबट आत झिरपतं, तिथं बुरशी धरते आणि तडा वाढत जातो. डाव-पळ्या उभ्या ठेवायला ती उत्तम. आत्यांच्या उलथण्याला खिळा नको असेल तर त्याला घर मिळालं.

वाकळेचं मन घट्ट करून बघावं लागेल. पुराच्या पाण्यात गटारीचं पाणी मिसळलेलं असतं. कढत पाण्यात भिजवून, दोनदा धुऊन, कडक उन्हात दोन-तीन दिवस आलटून पालटून वाळवा. त्यानंतरही वास येत असेल किंवा आतल्या थरात काळे ठिपके दिसत असतील तर पूर्ण वाकळ ठेवू नका, श्वासाला वाईट. पण वाकळेचा मोठा गुण असा की ती कधी एक नसते. जुन्यावर नवं लुगडं घालून पुन्हा टाके घालायची आपल्याकडं रीतच आहे. बुरशी न लागलेला एखादा हातभर तुकडा निघाला तर तो नव्या वाकळेच्या पोटात घाला. दिसणार नाही, पण असेल. शिवणाऱ्या बाईला आधी सांगा, नाहीतर ती जुनं कापड बघून बाजूला टाकेल.

पाटा-वरवंट्यापाशी मी फार वेळ थांबले. तुम्ही लिहिलंय, दोन्ही मुलांच्या बारशाला आत्यांनी हाच वरवंटा कुंचीत गुंडाळून पाळण्याखालनं फिरवला. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. चटणी वाटायचा दगड एका दिवसापुरता बाळ होतो आणि दुसऱ्या दिवशी परत खोबरं-लसूण वाटायला बसतो, हे मला आपल्या रीतीतलं फार लोभस वाटतं. वरवंटा ठेवा. मुलांच्या मुलांची बारशी व्हायची आहेत. पाटा मात्र जड आहे, ओट्यावर मावत नाही, जमिनीवर बसून वाटणं गुडघ्यांना झेपत नाही असं तुम्हीच म्हणता. जोडी फोडायची नाही, असं वाटत असेल तर दोन्ही नणंदेकडं जाऊ देत आणि बारशाला तिथून मागवा. ज्या घरात पाटा रोज वापरात राहील तिथं तो गुळगुळीत होईल, मग छिन्नीनं टाकी लावून पुन्हा खरखरीत करून घ्यावा लागेल, म्हणजे त्याचं आयुष्य चालू राहील. माळ्यावर त्याला काही होणार नाही, पण काही मिळणारही नाही.

तुमच्या कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोर टाऊन हॉलचं संग्रहालय आहे. १९४५-४६ मध्ये ब्रह्मपुरीच्या टेकडीवर जे उत्खनन झालं, त्यातल्या वस्तू तिथं आहेत. लोक तिथली समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती बघायला जातात, रोमशी व्यापाराची खूण म्हणून. मी जाते ती मातीच्या भांड्यांपुढं उभी राहायला. तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, त्याच नदीच्या काठी, सातवाहनांच्या काळात कुणीतरी त्यांत रांधलं, वाढलं. कुणी ते आठवणीसाठी जपलं नव्हतं, मातीनं आपसूक सांभाळलं. जायच्या आधी मिस्टरांना घेऊन एकदा तिथं जाऊन या.

ज्या वाचकांनी अशीच पत्रं पाठवली आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट इथंच सांगून टाकते. मोडकं उलथणं जपणं वेगळं आणि काहीच टाकता न येणं वेगळं. पलंगावर झोपता येत नाही, मोरीत जाता येत नाही, शेगडीपर्यंत हात पोचत नाही इतकं सामान साठत असेल, दुधाच्या रिकाम्या पिशवीलाही हात लावला की जीव घाबरा होत असेल, तर तो हळवेपणा नव्हे. मानसोपचारात २०१३ पासून त्याला स्वतंत्र आजार म्हणून नोंदलंय आणि त्यावर उपचार आहेत. घरच्यांनी रागावून एका दिवसात सगळं बाहेर फेकलं तर तो बरा होत नाही, आणखी चिघळतो. डॉक्टरांकडं घेऊन जा. ताई, तुमचं हे नव्हे. तुमच्या पाच वस्तू आहेत आणि पाचांची नावं-गावं तुम्हाला सांगता येतात.

फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरातला एक खण आत्यांच्या नावानं ठेवा. एकच. मिस्टरांनाही तेवढं सांगा की ह्या खणावर बोलायचं नाही, बाकी सगळं तुमच्या मनासारखं. त्यात नावाचा पत्रा राहील, वरवंटा राहील, वाकळ शिवून होईपर्यंत तिचा तुकडा राहील.

आणि नणंदेला फोन आजच करा. टेम्पो ठरायच्या आत त्यांचं उत्तर कळलं तर पाटा त्याच फेरीत त्यांच्याकडं उतरवता येईल, आणि मिस्टरांना तो तिसऱ्या मजल्यावर चढवावा लागणार नाही.